एका गाडीची वरात

ड्रिलचा आवाज थांबला तेव्हा हाजी बूझियान दुपारची नमाज आटोपून जिना उतरत होते. खाली अंगणात त्यांची जुनी पूजो गाडी चारही दारं उघडी टाकून उभी होती. पुढची सीट काढून लिंबाच्या झाडाला टेकवली होती. रेडिओच्या जागी खिंडार पडलं होतं आणि त्यातून रंगीबेरंगी वायरी लोंबत होत्या. डॅशबोर्डखाली त्यांचा धाकटा मुलगा लखदर उताणा पडला होता, नुसते पाय बाहेर.

"आवाज कसला होता?"

"वायरीला वाट केली, बाबा. बॅटरीपासून आतपर्यंत."

"माझ्या गाडीला भोक पाडलंस?"

"एवढंसं. करंगळीएवढं."

"मग करंगळी काढून दे माझ्या हातात. तीही एवढीशीच असते."

लखदर हसत बाहेर सरकला. त्याच्या केसांत पत्र्याचा कीस अडकला होता. ओरान शहरातल्या त्या गल्लीत निम्म्या गाड्यांत टेप आणि स्पीकर त्यानेच बसवले होते. फक्त घरच्या गाडीला हात लावायची परवानगी त्याला कधी मिळाली नव्हती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बूझियानांनी ही तीन ओळींच्या सीटची लांबलचक गाडी घेतली, आणि तेव्हापासून तिला स्वतःखेरीज कुणाला पुसूही दिलं नव्हतं.

"उद्या आपण सेत्तीला लग्नासाठी मस्कारा गावाला नेणार," लखदर म्हणाला. "तिच्या सासरचे न्यायला येत नाहीत. इथल्या शेजाऱ्यांनाही नेमक्या उद्याच कामं निघाली. कुणाची गाडी बिघडली, कुणाची सासू. राहिलो आपण, एक गाडी. ती काय मयताला निघाल्यासारखी नेऊ? दहा गाड्यांचा आवाज एकीतून काढतो की नाही बघा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बूझियानांची बहीण खदूज रव्याच्या वड्या पाडत बसली होती. नवरा वारल्यापासून ती याच घरात राहत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला पटतंय. आईबापाविना पोरगी असती तरी लोकांनी ढोल वाजवत नेली असती."

"तुला काय जातंय पटायला," बूझियान म्हणाले. पण ते परत जिना चढले नाहीत. गाडीजवळ गेले, वाकून त्या भोकाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. तिथेच उभे राहिले.

लखदरने मधल्या सीटमागे गालिच्याच्या तुकड्याने मढवलेली मोठी स्पीकरची पेटी ठेवली, वायरी जोडल्या, इंजिन सुरू केलं. स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखी शीळ आली. इंजिनाचा वेग वाढवला तशी तीही चढत गेली.

"हे गाणं वाजवणार तू मस्कारात?" बूझियानांनी विचारलं.

"अर्थिंग नीट बसलं नाही. थांबा."

त्याने सीटखालच्या पत्र्यावरचा रंग चकाकी येईपर्यंत खरवडला आणि काळी वायर स्क्रूने तिथे आवळली. शीळ गेली. कॅसेट आत सरकवताच बासरी आणि पाठोपाठ ढोल असा काही उसळला की झाडावरच्या चिमण्या उडाल्या आणि खदूजआत्याच्या हातातला चाकू वाकडा गेला.

तेवढ्यात फाटक उघडून मिलूद आत आला. थोरला मुलगा, शाळेत भूगोल शिकवायचा. तो सरळ गाडीत वाकला आणि टेपची कडी धरून अख्खा टेपच ओढून काढला. गाणं तुटलं.

"रस्त्यापर्यंत ऐकू येतंय," तो म्हणाला. "सगळ्या गल्लीला सांगताय, उद्या आम्ही निघतोय म्हणून?"

"गल्लीला माहीत आहे," लखदर म्हणाला. "म्हणूनच कोणी येत नाही. दे इकडे."

"सिग गावाच्या पुढचं जंगल बंडखोरांचं आहे, ठाऊक आहे ना? शिपायांची वर्दी चढवून रस्ता अडवतात. गाणं हराम म्हणतात. कॅसेट सापडली की—"

"की काय? बोल ना. सगळ्यांना माहीत आहे."

गेल्या हिवाळ्यात मिलूदच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला त्याच रस्त्यावर बसमधून उतरवलं होतं. बस पुढे गेली. शिक्षकाची टोपी सीटवर राहिली होती. ती त्याच्या बायकोकडे पोचवायला मिलूदच गेला होता.

लखदरने टेपला हात घातला, मिलूदने सोडला नाही. दोघे भाऊ, दोघेही बाप्ये, अंगणात एका डब्यासाठी झटापट करू लागले. "अरे लाज धरा!" खदूजआत्या ओरडली. बूझियान मध्ये पडले तेव्हा एक कोपर त्यांच्या छातीत बसलं आणि सगळे एकदम थांबले.

"बाबा, तुम्हीच सांगा त्याला," मिलूद म्हणाला. "काढून टाक म्हणावं."

बूझियान छाती चोळत होते. मुलांना वाटलं, आता हे गाडीचा विषय काढणार. पण ते म्हणाले, "जिला न्यायचंय तिला विचारलं का कुणी?"

वर खोलीत मिलूदची बायको नूरिया नणंदेच्या, सेत्तीच्या, तळहातावर मेंदीचा गोळा दाबून कापड बांधत होती. नूरियाला सातवा महिना होता, वाकताना धाप लागायची. खालचं सगळं दोघींनी ऐकलं होतं. मिलूद दारात येऊन उभा राहिला तशी सेत्ती म्हणाली, "मला आज विचारताय? कादाशी लग्न ठरवलं तेव्हा तो कसा आहे, हेही कुणी विचारलं नव्हतं."

"कसा आहे?" मिलूदने नकळत विचारलं.

"चांगला आहे. पण विचारलं नव्हतं." तिने हात मांडीवर ठेवले. "मला मुक्याने उतरायचं नाही त्यांच्या दारात. जन्मभर सासू म्हणेल, चोरून आणल्यासारखी आली. पण रस्त्यात तुमच्यातलं एकही माणूस कमी झालं तर ते लग्न मला नको. आता तुम्ही ठरवा, शहाणे आहात सगळे."

मग नूरिया म्हणाली, "टेप बाहेर निघतो ना? मग घाटात तो काढून आत्याच्या कपड्यांत ठेवायचा. पेटीवर चादर. मस्काराची घरं दिसली की आत सरकवायचा."

मिलूदने बायकोकडे पाहिलं. आपल्या बाजूचं म्हणून एक माणूस घरात आहे असं तो धरून चालला होता. "तूसुद्धा?"

"मी कुणाच्या बाजूची नाही," ती हळूच म्हणाली. "मी त्याच गाडीत बसणार आहे."

सकाळी उजेड पडल्यावर गाडी निघाली. बूझियान चालवत होते, लखदर शेजारी. मधल्या सीटवर खदूजआत्या आणि नूरिया, दोघींच्या मध्ये शुभ्र झग्यात आणि जाळीच्या ओढणीत सेत्ती. अगदी मागे, बॅगा आणि चादर घातलेल्या पेटीच्या सोबतीला, मिलूद.

"जागा चांगली मिळाली तुला," लखदर मागे वळून म्हणाला.

"पुढे बघ."

सिग सोडलं, ऑलिव्हच्या बागा मागे पडल्या आणि चढ लागला. समोरून येणाऱ्या गाड्या कमी होत होत थांबल्याच. बूझियानांनी जपाच्या तसबीहचे मणी आरशावरून काढून खिशात टाकले, मग पुन्हा आरशाला अडकवले. जंगलातल्यांना ते दिसलेले बरे, शिपायांना न दिसलेले; बरोबर काय ते कुणालाच सांगता आलं नसतं.

वळणापलीकडे रस्त्यावर दगड रचले होते. वर्दीतले चौघे-पाच जण उभे होते.

"बूट बघा," मिलूद मागून कुजबुजला. सगळ्या देशाला ही खूण ठाऊक होती. खऱ्या शिपायांच्या पायात जाड बूट, खोट्यांच्या पायात धावायचे जोडे. एकाच्या पायात बूट होते. दुसऱ्याच्या पायात कॅनव्हासचे जोडे. तिसऱ्याचे पाय दगडांमागे होते.

बूटवाला खिडकीशी आला. "कुठे?"

"मस्कारा. मुलीचं लग्न आहे."

"वरात कुठंय?"

"हीच."

तो गाडीभोवती फिरला. मागचं दार उघडून बंदुकीच्या नळीने चादर उचलली. "हे काय?"

ही माणसं जंगलातली असतील तर खरं सांगणं म्हणजे संपलंच. सरकारी असतील तर खोटं बोलणं तितकंच वाईट. मिलूदच्या गुडघ्याला लागून नळी होती आणि तिच्यावरचं बोट त्याला दिसत होतं.

तेवढ्यात त्या माणसाला पेटीतून निघालेल्या वायरी दिसल्या. तो झटक्यात मागे सरला. "पेटीला वायरी आहेत! मागे व्हा! हात वर, सगळ्यांनी हात वर!" बाकीचे रस्त्याकडेच्या चरात उतरले. बंदुका गाडीवर रोखल्या गेल्या. सेत्तीने मेंदीचे हात वर केले, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

आणि त्या क्षणी मिलूदला कळलं. पेटीला घाबरतात म्हणजे ही खरी पलटण आहे. बॉम्बच्या पेट्या ठेवणारे असे पळत नाहीत.

"स्पीकर आहे!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "गाण्याचा स्पीकर! लग्न आहे!"

"वाजवून दाखवा!"

खदूजआत्याने कपड्यांतून टेप काढून पुढे दिला. लखदरने घाईत तो तिरका घातला, खाचेत बसेना. बूझियानांनी त्याचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून तो आत ढकलला. ढोल धडाडला. मिलूदच्या पाठीचं हाडन् हाड हाललं.

चरातून एकेक डोकं वर आलं. कॅनव्हासचे जोडे घातलेला तर पोरगाच होता; तो हसायला लागला आणि बाहीने घाम पुसू लागला. बूटवाला मात्र हसला नाही. तो बूझियानांच्या कानाशी वाकला.

"चाचा, हे बंद करू नका. वर जंगलात आमची दुसरी चौकी आहे. परवा तिथे एक गाडी अशीच गुपचूप आली आणि फुटली. पोरं घाबरलेली आहेत, दिसेल त्यावर गोळी घालतील. गाणं ऐकलं तर समजतील लग्न आहे."

"तुम्ही कळवा ना त्यांना."

"बिनतारी बंद पडलीय सकाळपासून. मोठ्याने वाजवा."

"आणि जंगलात दुसऱ्या कुणी ऐकलं तर?"

बूटवाल्याने दगड बाजूला करायला सांगितले.

झाडी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली. ढोल वाजत होता, बासरी कुणाच्या तरी नवरीचं कौतुक करत होती.

"बंद कर," मिलूद म्हणाला. "चौकी आली की लाव."

"कुठल्या वळणावर आहे चौकी?" बूझियानांनी विचारलं.

"मला काय ठाऊक!"

"मग?"

"निदान बारीक तरी कर! सगळं रान ऐकतंय!"

"चालू राहू दे," सेत्ती म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

नूरियाचा एक हात पोटावर होता. आवाजाच्या दणक्याने की भीतीने कोण जाणे, आतलं मूल सारखं लाथा मारत होतं. झाडांच्या मागे काही हललं की तिला माणूस वाटायचा. खिडकीची काच वर करावी की खाली, एवढं साधंही तिला ठरवता येत नव्हतं.

मग गाणं अडखळलं. दोनदा खरखरलं आणि बंद पडलं. जळक्या रबराचा वास आला आणि डॅशबोर्डखालून निळसर धूर निघाला.

"बाबा, थांबवा! गाडी पेट घेईल!"

बूझियानांनी ब्रेक दाबला. लखदरने उडी मारून बॉनेट उघडलं आणि लालभडक तापलेली वायर नुसत्या हाताने बॅटरीवरून उपटली. कातडी जळल्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला. भोकाच्या धारेवर घासून घासून वायरीचं आवरण कापलं गेलं होतं. तिथे रबराची चकती बसवायची असते. काल भांडण जुंपलं तेव्हा ती त्याच्या खिशात होती आणि खिशातच राहिली. फ्यूज होता, पण सीटखाली. वायर त्याच्या अलीकडेच पत्र्याला लागली होती.

मिलूद बॅगांवरून सरपटत बाहेर आला. लखदरला वाटलं, आता हा बोलणार. मिलूदने भावाचा हात पाहिला, रुमाल काढून त्याला गुंडाळला. मग त्याच्याकडे पाठ करून झाडीकडे तोंड करून उभा राहिला.

"तू आत बस," लखदर म्हणाला.

"तुझं काम कर."

"सीट काढून नवी वायर ओढावी लागेल. निदान अर्धा तास."

"इथे?"

इंजिन बंद होतं. इतका वेळ ढोलाखाली दडपलेली शांतता आता चारी बाजूंनी उठली होती. पानं वाजत होती. दूर कुठेतरी दगड घरंगळला. मिलूदच्या पायाशी झुडपातून एकदम तितर फडफडत उडाला आणि नूरिया गाडीत किंचाळली. तिची किंकाळी डोंगरावर आपटून परत आली. सगळे ऐकत राहिले. आणखी काही आलं नाही.

"बसा," बूझियान म्हणाले. "असेच जाऊ."

"बाबा, चौकीवरचे—"

"बसा म्हणतो ना!"

गाडी हलली. आता ती गुपचूप येणारी गाडी होती. प्रत्येक वळणाआधी बूझियान वेग कमी करत आणि प्रत्येक वळणानंतर पुढे नुसता रस्ता असे. शेवटी एका वळणावर वाळूच्या पोत्यांची भिंत आणि तिच्यावर टेकवलेली नळी दिसली. भिंतीमागे धावपळ झाली.

खदूजआत्याने खिडकीची काच भराभर खाली केली. "बायांनो, घसे दिलेत ना देवाने? मग बघता काय!" अर्धं अंग बाहेर काढून तिने ओठांवर हात धरला आणि जीभ नाचवत लग्नघरी काढतात ती लांब, उंच किलकारी सोडली. तिकडून नूरियाने सोडली. मध्ये सेत्तीने. नवरीने स्वतःच्या लग्नात किलकारी काढायची नसते, पण तिने काढली. लखदर चांगल्या हाताने दार बडवू लागला. मागे मिलूद त्या मुक्या पेटीवर मुठी आपटत काल ऐकलेलं अर्धंच गाणं बेसूर ओरडू लागला. बासरीची जागाही तो तोंडाने भरत होता.

गोळी सुटली.

बूझियानांनी गाडी जागीच उभी केली आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. गोळी हवेत होती की गाडीला लागली, कुणालाच कळलं नाही. पण बायका थांबल्या नाहीत. थांबलं तर दुसरी सुटेल असं तिघींनाही वाटत होतं. पोत्यांआडून एक शिपाई दोन्ही हात हलवत धावत आला.

"कळलं! कळलं, खाला! पुरे आता! जा, जा!"

खदूजआत्या थांबली. नूरिया थांबली. सेत्तीला थांबता येईना. मस्काराची पहिली घरं दिसेपर्यंत तिच्या घशातून तो आवाज निघतच राहिला, आणि पुढे पुढे तो किलकारीसारखा राहिला नव्हता. नूरियाने तिला कुशीत घट्ट धरलं होतं.

कादाच्या दारात दूध आणि खजूर घेऊन सासू उभी होती. गल्लीत नजर टाकून तिने विचारलं, "एवढीच गाडी?"

"एवढीच," बूझियान म्हणाले.

"वाजंत्री नाही आणले?"

खदूजआत्याने उत्तरासाठी तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. नूरियाचाही गेला होता. नवरी सासरच्या माणसांशी पहिल्या दिवशी जे बोलली ते कुणालाही ऐकू आलं नाही, आणि सासूला पोरगी फार लाजाळू वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखदरने नवी वायर ओढली. एक हात बांधलेला, म्हणून मिलूद त्याच्या शेजारी जमिनीवर बसून सांगेल तसं करत होता. रबराची चकती त्यानेच भोकात बसवली, बोटाने फिरवून फिरवून पाहिली.

"बसली," लखदर म्हणाला. "किती चाचपशील?"

"वाजेल ना?"

"वाजेल. पण काय म्हणून वाजवायचं?"

काल ही वरात होती. आज गाडीत नवरी नव्हती. लग्नाचं गाणं वाजवत जाणारी, बिननवरीची, वायरींची पेटी घेऊन निघालेली गाडी. आणि रस्ता तोच. बूझियान ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

सेत्ती दारात आली होती. ती आत गेली आणि कालची जाळीची ओढणी घेऊन बाहेर आली. सासू बघत असताना तिने ती नूरियाच्या डोक्यावर घातली आणि तोंडावर ओढली.

"बाई गं, मला सातवा महिना आहे," नूरिया घोगऱ्या आवाजात म्हणाली.

खदूजआत्याचा आवाज जेमतेम परतला होता. "मग म्हणतील, लग्नाची फार घाई झाली होती."

कादाची आई खुदकन हसली. मग मिलूद हसला, आणि हसता हसता त्याने तोंड वळवलं. या खेपेला तो मागे बसला नाही. मधल्या सीटवर नूरियाच्या शेजारी, नवऱ्यामुलासारखा बसला. तिने जाळीखालून हात सरकवला, त्याने धरला.

लखदरने कॅसेट सरकवली. ढोल सुरू झाला, गाडी गल्लीच्या टोकाशी वळली. सेत्ती सासरच्या दारात उभी राहून ऐकत होती. आवाज बारीक झाला, मग नाहीसा झाला. तो दूर गेला म्हणून, की बंद पडला म्हणून, हे तिला कळेना. ती तशीच उभी होती. कादाने येऊन आत चल म्हटलं तेव्हा तिने मान हलवली आणि जागची हलली नाही.

दिवसभर तिने घास घेतला नाही. सासूनेही आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं आणि तिच्याजवळ येऊन बसली. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा आत टेलिफोन वाजला. कादाने उचलला आणि तिच्याकडे धरला.

पलीकडे खरखर होती. कुणीतरी घसा साफ करत होतं.

"कोण?" सेत्ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

"नवरी बोलतेय," नूरियाचा फाटका आवाज आला. "पोचलो गं, सगळे."